शाडूच्या मातीत राखणदार : वेशभूषेसाठी प्राण्याचा मुखवटा कसा घडवावा

गणेशोत्सवातले सजीव देखावे, शाळांची स्नेहसंमेलने आणि हौशी नाट्यसंस्थांचे प्रयोग यांमुळे कोल्हापुरात राक्षस, वानर, नरसिंह, वेताळ अशा मुखवट्यांची गरज वर्षभर कुठे ना कुठे पडतेच. बाजारातला तयार रबरी मुखवटा आणून वेळ मारून नेता येते, परंतु तो दहा मंडळांकडे सारखाच असतो आणि घालणाऱ्याच्या डोक्याशी त्याचा काही संबंध नसतो. आपल्या पात्रासाठी आपला मुखवटा हवा असेल, तर तो आधी मातीत घडवावा, मातीवरून प्लास्टरचा (प्लास्टर ऑफ पॅरिसचा) साचा काढावा आणि साच्यातून रबराचा किंवा कागदाचा हलका मुखवटा काढावा, हा रस्ता लांबचा असला तरी सर्वांत खात्रीचा आहे. या लेखाचा मुख्य भर मातीकामावर आहे, कारण साचा आणि ओतकाम कितीही नीट झाले तरी मातीत जे नाही ते मुखवट्यात येत नाही.

या शहरात मातीला हात लावलेली माणसे पुष्कळ आहेत, आणि ज्यांनी कुंभार गल्लीत बसून गणपतीला हात, सोंड, मुकुट लावले आहेत त्यांना हे काम अर्धे आधीच येते. मात्र मूर्तिकामाची एक सवय इथे सोडावी लागते. मूर्ती बाहेरून पाहण्यासाठी असते, तिच्या आत कोणी बसत नाही. मुखवट्याच्या आत माणूस असतो, त्याला दिसावे लागते, श्वास घ्यावा लागतो, मान वळवावी लागते आणि बहुधा चार वाक्ये बोलावीही लागतात. म्हणून मुखवट्याचे मातीकाम आतून बाहेर केले जाते : प्रथम घालणाऱ्याचे डोके, मग त्याची नजर, आणि मग प्राण्याचा चेहरा. हा क्रम उलटा झाला की मातीत उत्तम दिसणारा आणि कोणालाही घालता न येणारा मुखवटा तयार होतो.

उदाहरणासाठी एक काल्पनिक प्राणी घेऊ. राधानगरी-दाजीपूरचे अभयारण्य गव्यांसाठी प्रसिद्ध आहे. त्या जंगलाचा राखणदार म्हणून गव्याचे कपाळ आणि शिंगे, खवल्या मांजराचे खवले आणि म्हाताऱ्या माणसाचे तोंड असे रूप ठरवू. कल्पनेतला प्राणी घडवतानाही प्रत्येक भाग खऱ्या प्राण्यावरून घ्यावा, कारण पाहणाऱ्याला प्राणी माहीत नसला तरी हाडामांसाची जाण असते आणि मनाने केलेला भाग लगेच पोकळ वाटतो. गव्याच्या दोन शिंगांमध्ये कपाळाचा उंच, पुढे फुगलेला कणा असतो, शिंगे बाजूला निघून वर वळतात आणि टोके आत येतात. बुडाशी ती पिवळसर आणि टोकाला काळी असतात. नाकपुड्या रुंद आणि ओलसर असतात. खवल्या मांजराचे खवले एकमेकांवर चढलेले असतात आणि त्यांची टोके मागच्या दिशेने असतात. समोरून, बाजूने आणि वरून अशी तिन्ही चित्रे कागदावर खऱ्या आकारात काढून भिंतीवर चिकटवावीत. केवळ समोरचे चित्र घेऊन बसणाऱ्याचा मुखवटा बाजूने ताटासारखा सपाट होतो, आणि रस्त्यावरच्या देखाव्यात निम्मे प्रेक्षक बाजूलाच उभे असतात.

माती कोणती घ्यावी

शाडू सहज मिळते आणि तिचे कण बारीक असल्यामुळे तिच्यात बारीक सुरकुतीही उमटते. तिचा दोष असा की ती चिवट नाही, ओढून लांबवली की तुटते आणि वाळताना तडकते. म्हणून शाडूत थोडी चाळलेली कुंभारमाती मिसळून मळल्यास काम सोपे होते. मूर्तिकार मातीत कापूस किंवा कागदाचा लगदा घालतात, तो इथे घालू नये. आपली माती भाजायची नाही, वाळवायचीही नाही, आणि कोरणी फिरवताना तंतू ओढले गेले की पृष्ठभाग फाटतो. कोरडी शाडू रात्रभर पाण्यात भिजत घालावी, वरचे पाणी ओतून टाकून ती गोणपाटावर पसरून घट्ट होऊ द्यावी आणि मग भरपूर मळावी. बोटाला न चिकटणारी, पण दाबल्यावर कडा न फाटणारी माती योग्य समजावी. फक्त चेहरा झाकणाऱ्या मुखवट्याला साधारण ५ ते ६ किलो, तर पूर्ण डोके झाकणाऱ्या मुखवट्याला १२ ते १५ किलो ओली माती जवळ असावी.

दुसरा पर्याय प्लॅस्टिसिनसारख्या तेलाच्या मातीचा आहे. ती वाळत नाही, त्यामुळे काम महिनाभर रेंगाळले तरी बिघडत नाही, आणि बारीक तपशील तिच्यात अधिक धारदार येतो. पण ती महाग आहे आणि मोठे आकार तिच्यात चटकन उभे राहत नाहीत. पहिल्या मुखवट्याला शाडूच घ्यावी असे माझे मत आहे. ओल्या मातीत हात मोकळा चालतो, एखादा गाल आवडला नाही तर तो ओरबाडून काढताना जीव वर-खाली होत नाही, आणि नवशिक्याला या मोकळेपणाचीच अधिक गरज असते.

खरेदीच्या वेळेबद्दलही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. गणपतीपूर्वीच्या दोन-तीन महिन्यांत मूर्तिकारांना मान वर करायला सवड नसते, त्या काळात त्यांच्याकडे सल्ला किंवा थोडी माती मागायला जाऊ नये. अनंत चतुर्दशीनंतर तीच माणसे निवांत भेटतात आणि कोरणी कशी धरावी हेही दाखवतात. हवामानही याच मताचे आहे. कोल्हापूरच्या आषाढ-श्रावणात माती वाळत नाही हे सोयीचे, पण प्लास्टरचा साचा आणि रबर हेही वाळत नाहीत. दसऱ्यानंतरचे दिवस सर्व टप्प्यांना मानवतात.

गाभा आणि नजरेच्या काड्या

माती ज्यावर चढवायची त्या डोक्याच्या आकाराला इथे गाभा म्हटले आहे. घालणाऱ्याच्या डोक्याचा घेर कपाळावरून, हनुवटीपासून टाळूपर्यंतची उंची, कानापासून कानापर्यंतची रुंदी आणि डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधले अंतर अशी मापे घ्यावीत. मोठ्या माणसाच्या डोक्याचा घेर बहुधा ५४ ते ६० सेंटिमीटरच्या दरम्यान असतो आणि बाहुल्यांमधले अंतर साधारण ६ ते साडेसहा सेंटिमीटर असते. ब्युटी पार्लरच्या सरावासाठी मिळणारे फायबरचे डोके गाभा म्हणून चालते, मात्र ती डोकी बहुधा लहान असतात, त्यामुळे त्यांवर कागद आणि चिकटपट्टी गुंडाळून माप पुरे करावे लागते. प्लास्टरच्या बँडेजने घालणाऱ्याच्या चेहऱ्याचा ठसा घेता येतो, पण ते काम अनुभवी माणूस शेजारी असल्याशिवाय करू नये. नाकपुड्या सतत मोकळ्या ठेवाव्या लागतात, भुवया-पापण्यांना व्हॅसलीनचा जाड थर द्यावा लागतो, आणि साध्या प्लास्टरचा जाड थर तर चेहऱ्यावर कधीच ओतू नये, कारण घट्ट होताना ते भाजण्याइतके तापते.

गाभा लाकडी पाटावर मजबूत ठोकलेल्या खुंट्यावर बसवावा. मानेच्या जागी पाइप किंवा रिपेचा तुकडा असावा आणि पाट फिरता असल्यास उत्तम. जुन्या खुर्चीचा फिरता बुंधा या कामाला चांगला उपयोगी पडतो. गाभ्यावर प्लॅस्टिकचा कागद घट्ट गुंडाळावा, म्हणजे तो मातीतले पाणी शोषणार नाही.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. माती चढवण्यापूर्वी गाभ्याच्या दोन बाहुल्यांच्या जागी उदबत्तीच्या काड्या सरळ समोर रोखून बसवाव्यात, त्या पाच-सहा सेंटिमीटर बाहेर राहाव्यात. एक काडी नाकपुड्यांखाली आणि एक ओठांच्या मध्यावर लावावी. माती चढत जाते तसा आतला माणूस दिसेनासा होतो, आणि तो कुठे आहे हे या चार काड्या शेवटपर्यंत सांगत राहतात. राखणदाराच्या बाबतीत त्या एक खरा पेच समोर आणतात. गव्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात. आपण ते थोडे पुढे आणले तरी दोन डोळ्यांत ११-१२ सेंटिमीटर अंतर ठेवावे लागते, नाहीतर चेहरा गव्याचा न राहता शिंगे लावलेल्या माणसाचा होतो. घालणाऱ्याची नजर मात्र साडेसहा सेंटिमीटरवर आहे. याचा तोडगा असा : प्राण्याचे डोळे वेगळे, ज्यांतून पाहायचे नाही असे, केवळ शोभेचे करावेत आणि घालणाऱ्याच्या काड्या जिथे बाहेर येतात तिथे नाकाच्या मुळाशी खोल सुरकुत्यांची एक जोडी योजावी. या सुरकुत्यांच्या तळाशी नंतर चिरा पाडून आतून काळी जाळी लावली की बाहेरून काहीच कळत नाही. छिद्र डोळ्याच्या जितके जवळ तितका दिसणारा भाग मोठा, म्हणून या जागी मातीचा थर शक्य तितका पातळ, म्हणजे एक सेंटिमीटरच्या आसपास ठेवावा. तोच थर चार सेंटिमीटर झाला तर घालणाऱ्याला नळीतून पाहिल्यासारखे दिसेल आणि तो देखाव्याच्या पायरीवरून खाली येईल.

इतर ठिकाणीही मातीचा थर किमान एक सेंटिमीटर असावा. रबराची जाडी दोन-तीन मिलिमीटर जाते, रबर वाळल्यावर थोडे आकसते, आणि आत घाम टिपायला पातळ फोमची पट्टी लावावी लागते. या सगळ्याला जागा इथेच ठेवायची असते.

आकार आधी, कातडी शेवटी

मातीचे तळहाताएवढे गोळे चपटे करून, प्रत्येक गोळा आधीच्यावर अंगठ्याने रगडत गाभ्यावर चढवावेत. मध्ये हवा राहिली तर साचा काढताना तो भाग दबतो. प्रथम कवटी उभी करावी : कपाळाचा कणा, भुवयांचे हाड, गालफडे, जबडा. या अवस्थेत डोळा, नाकपुडी, सुरकुती यांपैकी काहीही करू नये. हात शिवशिवतात, एखादी सुंदर पापणी करून टाकावीशी वाटते, आणि नंतर डोळ्याची जागा चुकल्याचे कळले तरी ती पापणी मोडवत नाही. त्यामुळे पापणी वाचवण्यासाठी सगळा चेहरा वाकडा करणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत.

कवटी झाली की दिवा बाजूला, साधारण खांद्याच्या उंचीवर ठेवावा आणि खोलीतला बाकीचा उजेड कमी करावा. समोरच्या ट्यूबलाइटखाली सगळी माती सारखी करडी दिसते, बाजूच्या उजेडात मात्र प्रत्येक खड्डा आणि उंचवटा सावलीने बोलू लागतो. मग दहा-पंधरा फूट मागे जाऊन पाहावे, कारण देखावा पाहणारी गर्दी तितक्याच अंतरावर असते. आरशात उलटे प्रतिबिंब पाहावे, मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढावा. दुरून कपाळ आणि गालफडे यांची सावली स्पष्ट दिसत नसेल तर ती खऱ्यापेक्षा दीडपट वाढवावी. रंगमंचावर उजेड वरून येतो आणि भुवयांखाली मोठी सावली पडते, तिथे डोळे थोडे पुढे आणावे लागतात. रस्त्यावरच्या देखाव्यात हॅलोजन बहुधा समोरून मारतात, तिथे खड्डे अधिक खोल करावे लागतात. मुखवटा कुठे वापरायचा हे आधी विचारून घ्यावे ते यासाठी.

कवटीनंतर मांस चढवायचे. या टप्प्यावर दोन्ही बाजू मोजून सारख्या करण्याचा मोह टाळावा. मूर्तीत समतोल हे सौंदर्य आहे, तिथे एक कान मिलिमीटरने खाली आला तरी ग्राहक मूर्ती उचलत नाही. जिवंत प्राण्याचा चेहरा मात्र कधीच अगदी सारखा नसतो. राखणदाराची एक भुवई किंचित जड करावी, तोंडाचा एक कोपरा खाली ओढावा, एका गालावर जुन्या जखमेचा वण द्यावा. समोरून चेहरा सरळ वाटला पाहिजे आणि तरीही दोन बाजूंचे भाव निराळे दिसले पाहिजेत, एवढाच फरक पुरतो.

सुरकुत्या कुठे काढायच्या याला शरीराचा नियम आहे. कातडीखालचा स्नायू ज्या दिशेने आखडतो, तिच्या आडव्या दिशेने बहुधा सुरकुती पडते. कपाळाचा स्नायू उभा असतो म्हणून कपाळावर आडव्या आठ्या पडतात. डोळ्याभोवतीचा स्नायू गोल असतो म्हणून तिथल्या रेषा डोळ्यापासून बाहेर पसरतात. आपले तोंड आरशात वेडेवाकडे करून पाहिले की हे समजते. काय करायचे हे ठरले की प्रथम जाड कोरणीने सुरकुतीची दरी काढावी, तिच्या दोन्ही काठांवर मातीची बारीक वळी चढवावी आणि मग काठ मऊ करावेत. केवळ रेघ ओढून सोडली तर ती मातीवरची रेघच दिसते. खरी सुरकुती म्हणजे दोन फुगवट्यांमधली फट असते.

बारीक रेषांसाठी एक साधी युक्ती आहे. दुकानातली पातळ प्लॅस्टिकची पिशवी फाडून ती मातीवर ताणून धरावी आणि तिच्यावरून कोरणीचे बोथट टोक फिरवावे. प्लॅस्टिकमुळे टोक मातीत रुतत नाही, कडेला बुंदके उठत नाहीत आणि रेषेच्या दोन्ही कडा आपोआप गोलसर होतात. एकदा आडव्या, मग तिरक्या, मग उलट तिरक्या अशा रेषा हलक्या हाताने एकमेकींवर घेतल्या की म्हाताऱ्या माणसाच्या मानेवर दिसते तशी चौकटीची कातडी उमटते. हेच काम पिशवीशिवाय केले तर रेषेच्या काठावर मातीचा चुरा जमतो आणि तो झाडताना निम्म्या रेषा पुसल्या जातात. छिद्रांसाठी जाड सालीच्या संत्र्याचा तुकडा दाबावा, पण एकाच बाजूने सारखा दाबू नये, तुकडा दर वेळी थोडा वळवावा. ताठ केसांचा जुना दात घासायचा ब्रश उभा टोचला की नाकपुड्यांजवळची राठ कातडी मिळते.

खवले टाळूवरून मागे मानेकडे जावेत. ते मागून पुढे लावत यावेत, म्हणजे पुढचा खवला मागच्यावर चढतो आणि टोके मागच्या दिशेला राहतात. प्रत्येक खवला वेगळा लाटून, कडेला चिमटून, खाली पातळ केलेल्या मातीने चिकटवावा. सगळे एकाच छाप्याने केले तर फरशी बसवल्यासारखे दिसतात, म्हणून कपाळाजवळचे नखाएवढे आणि मानेवरचे मोठे असा क्रम ठेवावा, आणि मधूनच एखादा झिजलेला किंवा तुटका असावा. प्रत्येक खवल्यावर पायथ्यापासून टोकाकडे जाणाऱ्या बारीक रेघा काढायला मोडकी फणी पुरते.

शिंगे मातीत करू नयेत. ओल्या मातीचे लांब शिंग स्वतःच्या वजनाने खाली येते, आणि साच्यातून निघताना रबरी शिंग लुळे पडते. मातीत फक्त शिंगाचे बूड, म्हणजे दोन सेंटिमीटर उंचीची बांगडी करावी. शिंग स्वतंत्रपणे चपलांच्या तळव्यांसाठी वापरतात त्या ईव्हीए फोमच्या तुकड्यांतून कापून, चपलांच्याच सोल्यूशनने थर चिकटवून, घासून करावे. सुभाषनगरसारखी चपलांची वस्ती असलेल्या कोल्हापुरात हा फोम शोधायला लांब जावे लागत नाही. शिंग आतून पोकळ ठेवावे. डोक्यावर अर्धा किलो जास्त वजन पहिल्या पाच मिनिटांत जाणवत नाही, विसाव्या मिनिटाला मान ते मोजू लागते.

काम थांबवताना

गाभा आकसत नाही आणि माती आकसते, त्यामुळे मुखवट्याची माती वाळू लागली की ती गाभ्यावर तडकतेच. मूर्तीत भेग पडली तर ती बुजवून पुढे जाता येते, इथे भेग बुजवली की तिथली कातडी गेली. म्हणून उठताना बारीक फवाऱ्याने पाणी मारावे, ओले मऊ फडके हलके टाकावे आणि वरून प्लॅस्टिकची पिशवी बांधावी. फडके तपशिलाला टेकू नये यासाठी शिंगांच्या बुडात दोन काड्या खोचून त्यांवर ते तंबूसारखे ताणता येते. उन्हाळ्यात दिवसातून दोनदा पाहावे लागते. सगळे झाल्यावर शेवटच्या दिवशी मऊ ब्रश पाण्यात बुडवून, झटकून, चेहऱ्यावरून एकदाच फिरवावा. मातीचे सुटे कण निघून जातात. दोनदा फिरवला तर कातडीही निघून जाते.

साचा

साच्यासाठी माती ओली पण कडकसर असावी, बोट हलके टेकवले तर ठसा उमटू नये. पूर्ण डोक्याच्या मुखवट्याला पुढचा आणि मागचा असे दोन भाग लागतात. जोडाची रेषा कानांच्या किंचित मागून, खवल्यांच्या कडेकडेने न्यावी, म्हणजे नंतरची शिवण लपते. या रेषेवर जुन्या एक्स-रे फिल्मच्या तीन बोटे रुंद पट्ट्या एकमेकींवर किंचित चढवून मातीत खोचाव्यात. इथे उद्यमनगरातल्या फौंड्रीत पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा नमुना, करणाऱ्या कारागिराचा नियम लक्षात ठेवावा : जो भाग साच्यातून सरळ बाहेर येऊ शकत नाही तो साचा अडवतो. रबर लवचीक असल्यामुळे ओठाखालचा किंवा भुवईखालचा थोडा आत गेलेला भाग चालतो, पण कागदाचा मुखवटा काढायचा असेल तर असा प्रत्येक खड्डा मातीतच भरून टाकावा.

प्लास्टर कालवताना पाण्यात प्लास्टर घालावे, प्लास्टरमध्ये पाणी नव्हे. एक लिटर पाण्याला साधारण दीड किलो प्लास्टर मुठीने भुरभुरवत जावे, पृष्ठभागावर कोरडी बेटे राहू लागली की थांबावे, मिनिटभर मुरू द्यावे आणि मग बुडबुडे न उठतील असे तळातून ढवळावे. पहिला थर ताकासारखा पातळ असावा आणि तो ब्रशने टिपत, फुंकर मारत प्रत्येक सुरकुतीत पोचवावा. नाकपुडीत आणि ओठांच्या कोपऱ्यात अडकलेला हवेचा बुडबुडा मुखवट्यावर चामखीळ होऊन येतो. तो थर घट्ट होऊ लागला की जाड प्लास्टर, त्यात बुडवलेला काथ्या किंवा गोणपाटाच्या पट्ट्या, आणि पुन्हा प्लास्टर असे करत अडीच-तीन सेंटिमीटर जाडी आणावी. दोन्ही भागांना मिळून साधारण १० ते १२ किलो प्लास्टर लागते. पहिला भाग घट्ट झाल्यावर पट्ट्या काढाव्यात, दोन्ही भाग नंतर नेमके जुळावेत म्हणून कडेला नाण्याच्या काठाने चार गोल खड्डे कोरावेत, संपूर्ण कडेला व्हॅसलीन नीट लावावे आणि मग दुसरा भाग करावा. व्हॅसलीन लावायची राहून गेलेली एक बोटभर जागाही दोन्ही भाग कायमचे जोडून टाकते. कालवताना नाकातोंडाला फडके बांधावे, आणि घट्ट होत असलेल्या प्लास्टरमध्ये हात कधीही घालून ठेवू नये. उरलेले प्लास्टर मोरीत ओतू नये, ते पाइपात दगड होते. बादलीतच घट्ट होऊ द्यावे आणि फोडून कचऱ्यात द्यावे.

साचा गरम होऊन पुन्हा गार झाला की कडेला लाकडी पाचर हलकेच ठोकून उघडावा. माती तुकड्या-तुकड्यांनी निघेल, ती फेकू नये, पण प्लास्टरचे खडे मिसळलेला भाग वेगळा काढावा. साचा धुऊन सावलीत वाळवावा. गालाला लावल्यावर गार लागतो तोवर तो ओला आहे असे समजावे.

रबर की कागद

द्रवरूप रबर, म्हणजे लॅटेक्स, प्लास्टरच्या साच्यात ओतले की प्लास्टर त्यातले पाणी शोषते आणि साच्याच्या आतल्या बाजूला रबराची साय धरते. म्हणूनच रबरासाठी साच्याला आतून तेल किंवा व्हॅसलीन लावायचे नसते. साच्याचे दोन्ही भाग दोरीने आवळून, जोड बाहेरून मातीने बुजवून, आत दीड-दोन लिटर लॅटेक्स ओतावे, साचा सावकाश सर्व बाजूंना फिरवावा, उरलेले गाळणीतून परत डब्यात काढावे आणि थर सुकत आला की पुन्हा तेच करावे. कडेला दोन-तीन मिलिमीटर जाडी दिसेपर्यंत हे चालू ठेवावे. नाक, ओठ आणि शिंगांचे बूड इथे एक जादा हात द्यावा. लॅटेक्सला अमोनियाचा उग्र वास असतो, म्हणून काम उघड्यावर करावे. ते तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवू नये, रबर खराब होते. ब्रश आधी साबणाच्या पाण्यात बुडवला नाही तर तो पुन्हा कामाला येत नाही. काही लोकांच्या अंगाला रबर सोसत नाही, म्हणून घालणाऱ्याच्या मनगटावर सुकलेला तुकडा काही तास बांधून पाहावा, आणि ज्याला फुगे किंवा रबरी हातमोजे यांनी पूर्वी त्रास झाला असेल त्याला रबरी मुखवटा देऊच नये. पूर्ण सुकल्यावर आत भरपूर टाल्कम पावडर टाकत टाकत मुखवटा सोडवावा, अन्यथा रबर रबराला चिकटते आणि सुटत नाही.

खर्च कमी ठेवायचा असेल तर कागद घ्यावा. जव्हार-मोखाड्याकडच्या बोहाड्यात, म्हणजे मुखवटे घालून नाचण्याच्या आदिवासी उत्सवात, कागदाच्या लगद्याचे मुखवटे नाचतात, तेव्हा या साहित्याला कमी लेखण्याचे कारण नाही. साच्याला व्हॅसलीन लावून पहिला थर नुसत्या पाण्याने भिजवलेल्या वर्तमानपत्राच्या लहान फाडलेल्या तुकड्यांचा द्यावा, पुढचे सहा-सात थर पाणी मिसळलेल्या फेव्हिकॉलने लावावेत. एक थर वर्तमानपत्राचा आणि एक खाकी कागदाचा असे केले की कुठे थर राहिला हे दिसते. मैद्याची खळ चालते, पण कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालण्याची बाइंडरांची रीत इथे पाळू नये, ते विषारी आहे आणि मुखवटा तोंडाला लागतो. कागदात बारीक कातडी हरवते हे मात्र मान्य करावे लागते.

रबराला साधा अॅक्रिलिक रंग लावला तर तो ताणल्यावर फुटतो, म्हणून रंग लॅटेक्समध्येच मिसळून लावावा. ओले असताना तो दुधाळ दिसतो आणि सुकल्यावर गडद होतो, हे धरून रंग एक छटा फिका कालवावा. आधी गडद तपकिरी हात सगळीकडे द्यावा, मग ओलसर स्पंजाने उंचवट्यांवर फिका, राखी रंग टिपावा. मातीत ज्या दऱ्या जपल्या त्या आता स्वतःहून उघडतात.

शेवटी नजरेच्या चिरा, नाकपुड्या आणि ओठांमधली फट धारदार पात्याने उघडावी, आतून काळी जाळी चिकटवावी आणि कपाळाला व टाळूला फोमच्या पट्ट्या लावाव्यात. घालणाऱ्याला मुखवट्यासह आधी घरात जिना चढायला-उतरायला लावावे. प्रत्यक्ष देखाव्यात त्याच्याजवळ एक मोकळा माणूस असावा, पंधरा-वीस मिनिटांनी मुखवटा काढून त्याला पाणी द्यावे, आणि मशाल, फटाके, आरतीचे तबक यांच्याजवळ रबर किंवा कागद यांपैकी काहीही जाऊ देऊ नये. वापर झाल्यावर आतून ओल्या फडक्याने घाम पुसावा, सावलीत वाळवावा, पावडर मारून आत चुरगळलेला कागद भरावा आणि उन्हापासून दूर, खोक्यात उभा ठेवावा. दुमडून ठेवलेल्या रबरी मुखवट्याच्या घड्या पुढच्या वर्षी जात नाहीत. साचा मात्र दोरीने बांधून कोरड्या जागी ठेवावा, नीट ठेवल्यास त्यातून आणखी मुखवटे काढता येतात.